‘पण लक्षात कोण घेतो?’ : दांपत्यप्रेमाचे गुपित

ह. ना. आपटे यांच्या १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची चर्चा बहुधा केशवपनाच्या प्रश्नापुरती मर्यादित राहते. परिणामी तिच्यातील दांपत्यप्रेमाचा प्रश्न दुर्लक्षित राहतो. सामान्यतः कादंबरीत लपविले जाते ते पाप. येथे लपवावे लागते ते सुख. यमू आणि रघुनाथराव हे पतिपत्नी आहेत; तरीही एकत्र कुटुंबात त्यांनी परस्परांशी मोकळेपणाने बोलणे, यमूने पुस्तक हाती घेणे हा मर्यादाभंग ठरतो. शंकरमामंजींचा दंभ मात्र त्याच घरात प्रतिष्ठेने वावरतो. मुंबईच्या वास्तव्यात हे प्रेम प्रथमच निःसंकोचपणे व्यक्त होते. म्हणूनच रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमूचे बळजबरीने झालेले केशवपन हे केवळ रूढीचे पालन राहत नाही. ती त्या सुखाची शिक्षा ठरते. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली होती. घराने मात्र सधवेच्या प्रेमासही ती दिली नव्हती. निवेदन यमूचेच असल्याने वाचक या गुपिताचा साक्षीदार होतो. शीर्षकातील प्रश्न त्यामुळे शंकरमामंजींपेक्षा वाचकालाच अधिक उद्देशून आहे.