‘फॅन्सी’ आणि ‘इमॅजिनेशन’: एका भेदाचे मराठीतील भवितव्य

इंग्रजी समीक्षेतून मराठीत आलेल्या संज्ञांमध्ये ‘इमॅजिनेशन’ आणि ‘फॅन्सी’ ह्या जोडीइतकी वरवर सोपी व प्रत्यक्षात घोटाळ्याची जोडी क्वचितच आढळेल. पहिलीला ‘प्रतिभा’ किंवा ‘कल्पनाशक्ती’ आणि दुसरीला ‘कल्पनाविलास’ असे प्रतिशब्द लावून आपला विद्यार्थी पुढे जातो. पहिली श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे निःशंकपणे लिहितो. आणि पुढच्याच पानावर एखाद्या कवीच्या ‘मनोहर कल्पनाविलासा’ची मुक्तकंठाने प्रशंसा करतो. आपण नुकतीच जिला खालची पायरी दिली तिचीच ही स्तुती आहे, ह्याचे त्याला भान नसते. हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. भेद आपण घेतला. पण तो ज्या गरजेतून निर्माण झाला ती गरज मात्र घेतली नाही. ती गरज कोणती आणि मराठीत तिची सोय कशी लावता येईल, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की जन्मतः हे दोन शब्द भिन्नार्थी नाहीत. ‘फॅन्सी’ हा ‘फँटसी’चा संक्षेप असून त्याचे मूळ ग्रीक ‘फँटासिया’मध्ये आहे, ‘इमॅजिनेशन’ हा प्रतिमावाचक लॅटिन ‘इमागो’च्या कुळातला. ग्रीक ‘फँटासिया’चे भाषांतर करताना लॅटिन लेखक ‘इमॅजिनाशिओ’ हाच शब्द योजीत. म्हणजे एकाच अर्थाची दोन भाषांतील ही दोन नावे इंग्रजीत येऊन शेजारी शेजारी नांदू लागली. ड्रायडनने १६६७ मध्ये ‘ॲनस मिराबिलिस’ ह्या काव्यास जोडलेल्या पत्रात ‘फॅन्सी’ हे ‘इमॅजिनेशन’च्याच कार्याचे एक अंग मानले. ॲडिसनने १७१२ मध्ये ‘स्पेक्टेटर’मधील आपल्या प्रसिद्ध निबंधमालेच्या आरंभीच, आपण हे दोन्ही शब्द अभेदाने वापरणार आहोत, असे सांगून टाकले. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तर एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा आणि दुसऱ्याचा अर्थ म्हणून पहिला दिलेला आढळतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भाषेला ह्या दोहोंत पक्की सीमा आखण्याची निकड भासलेली नव्हती, असाच ह्याचा अर्थ होय.

ती सीमा आखण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाले. १८१३ मध्ये विल्यम टेलरने आपल्या समानार्थी शब्दांच्या ग्रंथात ह्या दोन शब्दांची फोड केली: इंद्रियांनी दिलेल्या ठशांची मनात हुबेहूब प्रत उठविणारी ती ‘इमॅजिनेशन’, आणि त्या प्रतींची यथेच्छ जुळवाजुळव करणारी ती ‘फॅन्सी’. १८१५ च्या आपल्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत वर्ड्स्वर्थने ह्या व्याख्येवर हरकत घेतली. ‘इमॅजिनेशन’ ही जर केवळ नक्कल करणारी शक्ती असेल, तर कवीच्या निर्मितीला नाव कोणते द्यावयाचे, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. येथे कोशकार आणि समीक्षक ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कोशकार प्रचलित वापरातून अर्थ वेचतो. समीक्षकापुढे काव्याचा एक अनुभव असतो आणि त्याला नाव हवे असते. कोलरिजच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. तरुणपणी वर्ड्स्वर्थच्या मुखातून त्याची कविता ऐकताना झालेला विलक्षण परिणाम कशामुळे झाला, ह्याचा शोध घेताना आपण ह्या भेदापाशी पोहोचलो, असे त्याने १८१७ च्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’च्या चौथ्या प्रकरणात नमूद केले आहे. तेथेच त्याने समानार्थी शब्दांना हळूहळू भिन्नार्थी करीत जाण्याची भाषासमाजाची एक उपजत प्रवृत्ती वर्णिली असून मिल्टनचे मन पहिल्या प्रकारचे व काउलीचे दुसऱ्या प्रकारचे, असे उदाहरणही दिले आहे.

तेराव्या प्रकरणातील त्याची मांडणी थोडक्यात अशी: ‘फॅन्सी’ ही स्मृतीचाच एक प्रकार आहे, फरक इतकाच की ती स्थलकालाच्या क्रमातून सुटलेली असते. तिची सामग्री साहचर्याच्या नियमाने तिला तयार मिळते आणि ठाम, घट्ट झालेल्या वस्तूंखेरीज तिच्यापाशी खेळावयास काही नसते. पटावरील सोंगट्यांच्या जागा बदलाव्यात, पण सोंगटी सोंगटीच राहावी, तसा हा व्यापार आहे. ‘इमॅजिनेशन’चे त्याने दोन स्तर मानले. पहिला स्तर मनुष्यमात्राच्या प्रत्येक संवेदनेत कार्य करतो. आपल्याला जग ‘दिसते’ तेच मुळी ह्या शक्तीमुळे. दुसरा स्तर ह्या पहिल्याचाच प्रतिध्वनी असून तो जाणत्या इच्छाशक्तीच्या सोबतीने चालतो. वस्तू विरघळवून, पसरवून तो त्यांना नव्याने घडवितो. आणि जेथे हे शक्य नसते तेथेही एकीकरणाची धडपड करतो. हे दोन स्तर जातीने एकच असून फरक केवळ परिमाणाचा व कार्यपद्धतीचा आहे. परंतु ‘फॅन्सी’ व ‘इमॅजिनेशन’ ह्यांत मात्र जातीचाच फरक आहे.

ही व्याख्या कोरडी वाटत असेल तर कोलरिजने शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ (१५९३) मधून निवडलेली दोन स्थळे पाहावीत, आय. ए. रिचर्ड्सने १९३४ मध्ये कोलरिजवरील आपल्या ग्रंथात त्यांची सविस्तर चिकित्सा केली आहे. पहिल्या स्थळी व्हीनस अडोनिसचा हात हाती घेते आणि कवी त्या गोऱ्या हातातील गोऱ्या हाताला हिमाच्या तुरुंगात पडलेल्या कमलिनीची उपमा देतो. पांढरेपणा हा एक समान धर्म आणि कोंडले जाणे हा दुसरा. ह्यापलीकडे हिम, तुरुंग व फूल ह्यांचा हातांशी काही संबंध नाही, आणि उपमेने हात अधिक कळतो असेही नाही. दुसऱ्या स्थळी अडोनिस रात्रीच्या अंधारात व्हीनसच्या दृष्टीआड होतो तो निखळणाऱ्या ताऱ्यासारखा. येथे त्याचे तेज, त्याची गती, पाहणारीची ओढ आणि तिची असहायता ही सारी एका क्षणात एकवटतात. त्यांतील काहीही वेगळे काढता येत नाही. पहिल्या स्थळी वस्तू एकत्र ठेवल्या आहेत. दुसऱ्या स्थळी त्या एक झाल्या आहेत.

ह्या भेदावर आक्षेप आले नाहीत असे नाही. ‘इमॅजिनेशन’ही गोळा करते, जुळविते, असे खुद्द वर्ड्स्वर्थचे मत होते, त्यावर कोलरिजचे उत्तर असे की एकाच वेळी दोन हत्यारे वापरणाऱ्या माणसाची हत्यारे त्यामुळे एक ठरत नाहीत. अधिक मूलगामी शंका टी. एस. एलियटने १९३३ च्या ‘द यूस ऑफ पोएट्री अँड द यूस ऑफ क्रिटिसिझम’मध्ये काढली: व्यवहारात हा भेद चांगली कविता आणि वाईट कविता एवढाच उरत असेल, तर एवढा वळसा घालून आपण मिळविले काय? शंका रास्त आहे, आणि आपल्याकडे ह्या संज्ञा ज्या रीतीने वापरल्या जातात त्या रीतीला ती तंतोतंत लागू पडते. तथापि कोलरिजने निवडलेले पहिले स्थळ वाईट कवितेचे नाही. ते ‘फॅन्सी’चे आहे आणि सुंदर आहे. एका स्थळी कोणती शक्ती राबते आहे हा एक प्रश्न; ती कितपत यशस्वी झाली हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर भेदाला अर्थ राहतो. मिसळले तर एलियटची शंका खरी ठरते.

नावांच्या प्रतिष्ठेला येथे फारसे महत्त्व देऊ नये. जर्मनीत झां पॉलने १८०४ च्या आपल्या सौंदर्यशास्त्रविषयक ग्रंथात असाच उच्चनीच भेद केला. परंतु तेथे ‘फँटासी’ वर बसली आणि ‘आइनबिल्डुंग्सक्राफ्ट’ खाली गेली. एकाच ग्रीक शब्दाची एक वंशज जर्मनीत सिंहासनावर आणि दुसरी इंग्लंडात दासीच्या जागी, असा हा प्रकार आहे. शब्दाच्या अंगी श्रेष्ठत्व नसते. समीक्षेने त्याला जे काम दिले त्यावरून त्याचे स्थान ठरते.

आता मराठीकडे वळू. ‘कल्पना’ हा शब्द आपण ह्या दोन्ही संज्ञांच्या मुळाशी ठेवतो. परंतु मराठीत त्याचा संसार फार मोठा आहे. ‘मला कल्पना नाही’ म्हणजे ठाऊक नाही. ‘त्यांना कल्पना दिली’ म्हणजे पूर्वसूचना दिली. ‘कल्पना सुचली’ म्हणजे युक्ती सुचली. शास्त्रीय परंपरेत अडचण याहून खोल आहे. बौद्ध आचार्य दिङ्नागाने प्रत्यक्षाचे लक्षण करताना ते कल्पनेपासून मुक्त असते असे म्हटले. तेथे ‘कल्पना’ म्हणजे नाम, जाती इत्यादींची बुद्धीने केलेली जोडणी. उलट, कोलरिजच्या मते प्रत्यक्षाच्या गाभ्यातच ‘इमॅजिनेशन’ वसते. तेव्हा त्याच्या पहिल्या स्तरास ‘प्राथमिक कल्पना’ म्हणणे म्हणजे आपल्याच शास्त्राच्या कानाला विसंगत वाटणारे विधान करणे होय. नैयायिक व मीमांसक ह्यांनी मान्य केलेले सविकल्पक प्रत्यक्ष कोलरिजच्या विचाराला काहीसे जवळचे आहे. परंतु तेथेही निर्मितीचा तो उत्साह नाही.

‘प्रतिभा’ ह्या शब्दाने सोय होईल असे पुष्कळांना वाटते. अभिनवगुप्ताने प्रतिभेला अपूर्व वस्तू निर्माण करू शकणारी प्रज्ञा मानले, हे निर्मितीच्या कल्पनेशी जुळते. परंतु प्रतिभा ही कवीची विशेष देणगी आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता व अभ्यास ह्यांच्या समुच्चयाला काव्याचा हेतू म्हटले, त्यातील शक्ती ती हीच. राजशेखराने कारयित्री आणि भावयित्री असे तिचे भेद करून तिची कक्षा रसिकापर्यंत नेली खरी; पण रस्त्याने जाणाऱ्या कोणाही माणसाच्या साध्या पाहण्यापर्यंत ती जात नाही. कोलरिजचा आग्रह मात्र हाच होता की कवीची शक्ती आणि सामान्य माणसाची दृष्टी ह्यांची जात एक आहे. ‘इमॅजिनेशन’ला ‘प्रतिभा’ म्हटले की हा आग्रहच पुसला जातो. शिवाय ‘प्रतिभे’ला ‘फॅन्सी’ची जोडीदारीण नाही. आनंदवर्धनाचे चित्रकाव्य हा काव्याचा वर्ग आहे, मनाची शक्ती नव्हे.

भेदाची खरी परीक्षा आपल्या काव्यावरच झाली पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मराठी बोलाच्या रसाळपणाचे जे वर्णन आहे, ते सुटे सुटे वाचले तर ‘फॅन्सी’चे वाटेल: गोडीच्या लोभाने कानांना जिभा फुटतात, नाकाला सुगंधाचा भास होतो, डोळे त्याला रूपाची खाण म्हणतात, बाहू आलिंगनाला धावतात. परंतु ज्ञानदेव येथे थांबत नाहीत. इंद्रियांच्या ह्या भांडणावर ते एकट्या सूर्याने साऱ्या जगाला जागे करावे तसा हा बोल सर्वांचे सारखेच समाधान करतो, असा दृष्टांत देतात. प्रत्येक इंद्रियाचा विषय ठरलेला, ही जी घट्ट व्यवस्था, ती प्रथम विरघळविली जाते आणि मग ऐकण्याचा एकच नवा अनुभव उभा राहतो. प्रतिमांची संख्या ही कसोटी नाही, हे येथे स्पष्ट होते. उलट राम गणेश गडकऱ्यांनी (१८८५–१९१९) ‘बाळकराम’ ह्या नावाने लिहिलेल्या विनोदातील कोट्या घ्याव्यात. त्यांची गंमत दोन वस्तू आपापल्या जागी ठाम राहून क्षणभर एकमेकींना भिडतात ह्यातच असते; त्या एक झाल्या तर कोटी मरेल. ही ‘फॅन्सी’ आहे, उत्तम आहे, आणि तिला ‘फॅन्सी’ म्हणण्याने तिचा अधिक्षेप होत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी: ‘प्रतिभा’ तिच्या स्वतःच्या शास्त्रात राहू द्यावी. कोलरिजविषयी लिहिताना पहिल्या शक्तीला ‘एकीकारक कल्पनाशक्ती’ आणि दुसरीला ‘संयोजक कल्पनाशक्ती’ म्हणावे. ही नावे लांबट आहेत. पण ती कार्य सांगतात, प्रतिष्ठा वाटीत नाहीत. ‘कल्पनाविलास’ हा शब्द शास्त्रीय लेखनातून काही काळ बाजूला ठेवावा, कारण तो स्तुती करतो की निंदा हेच आज ठरत नाही. बोलभाषेत ‘फॅन्सी’ तर केव्हाच फॅन्सी ड्रेसपर्यंत आणि फॅन्सी साडीपर्यंत पोहोचली आहे. तिला तेथे सुखाने नांदू द्यावे. मात्र एखाद्या कवितेवर ह्या संज्ञांचा शिक्का मारण्यापूर्वी विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा: येथे वस्तू शेजारी आल्या आहेत, की एक झाल्या आहेत? उत्तर कवितेतून दाखविता आले तर संज्ञा कोणतीही चालेल. आणि दाखविता आले नाही, तर कोणत्याही संज्ञेने ते भरून निघणार नाही.