गुन्ह्याचा हिशेब कोणाच्या वहीत?

गुन्हेगारीने शहराचा व्यापार बुडतो, भांडवल दुसरीकडे जाते, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. ते खोटे नाही. पण त्या वहीत नुकसान दुकानदाराच्या नावावरच पडते. दुसरी वही मराठी साहित्यात आहे आणि आपल्या समीक्षेने ती नीट उघडलेली नाही.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. पांढरपेशा समीक्षकांनी त्यातील शिव्या मोजल्या. ज्यांनी कौतुक केले त्यांनीही बव्हंशी भाषेचेच केले. त्या वस्तीत पैसा कोठून येतो आणि कुणाच्या खिशात जातो, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. मटक्याचेच पाहा. आरंभी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लागे. मडक्यातील चिठ्ठ्या नंतरच्या. म्हणजे कापसावर राबणारा कामगार कापसाच्याच भावावर पगार हरत होता! १९४९च्या दारूबंदी कायद्याने दारू थांबली नाही. हातभट्टी आणि हप्ता मात्र फोफावला. भट्टीवाला तुरुंगात, हप्ता घेणारा घरी.

जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हा हिशेब घराच्या उंबऱ्याआत आणते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या पडझडीतले हे एक घर, आणि त्यातला एक मुलगा टोळीत गेलेला. नाटककार त्याला राक्षस करीत नाही आणि सिनेमावाल्यांसारखा नायकही करीत नाही. हे नाटकाचे मोठे बळ आहे.

तरी एक माणूस या गिरणगावातून निसटतोच. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त मजुरी त्याच खात्यात. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. जो संपाच्या आधीच कमी मजुरीवर ठेवला गेला, त्याच्या घरात शिल्लक ती काय असणार, आणि संपानंतर त्याचा मुलगा कुठे गेला? त्याच्यावर नाटक नाही.

त्या मुलाची मुले आज आमच्या वर्गात बसतात. नोकरीच्या अर्जावर ती आपल्या वस्तीचे नाव लिहीत नाहीत, मावशीचा पत्ता देतात. गुन्हा दुसऱ्याने केला, पण पत्ता यांचा बदनाम झाला. हे नुकसान कोणत्या सदरात धरायचे, ते एकाही पाठ्यपुस्तकात मला आढळलेले नाही.