पट्टी जुळली, पुढं काय?

हाऊस संगीत वाजवणाऱ्या डीजेसमोर आज दोन आकडे असतात. एक गाण्याचा वेग, म्हणजे मिनिटाला किती ठोके. हाऊसमध्ये तो साधारण ११८ ते १३० च्या घरात. दुसरा गाण्याच्या पट्टीचा. या पट्ट्या घड्याळासारख्या एका चक्रावर मांडतात, १ ते १२ आकडे आणि प्रत्येकापुढं ए किंवा बी. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. याला कॅमलॉट चक्र म्हणतात. ८ए वाजत असेल तर ७ए, ९ए किंवा ८बी कडे जावं, असा नियम. दोन्ही आकडे लॅपटॉपच काढतो, वेगही तोच जुळवून देतो. "मग बटण दाबायला पगार कोण देणार?" असं माझ्या बहिणीनं विचारलं. तिचा मुलगा शनिवार-रविवार गोव्यात हेच वाजवतो. प्रश्न खवचट आहे, पण अगदीच टाकाऊ नाही.

नियमात खोट नाही. ८ए म्हणजे ए मायनर, ९ए म्हणजे ई मायनर. सात स्वरांतले सहा सारखेच, एकच बदलतो. म्हणून एकावर दुसरं गाणं पसरलं तरी कानाला टोचत नाही. दशलक्षणात आपल्या भजनी मंडळाचं काय होतं बघा. एकीचं स्तवन काळी एकमध्ये संपतं, दुसरी थेट पांढरी चारमध्ये सुरू करते आणि पेटीवाल्या बाईंची बोटं सा शोधत फिरतात, तोवर दोन ओळी निघून गेलेल्या. आपल्याकडं मध्ये खोकायला, पदर सावरायला तरी जागा असते. हाऊसमध्ये पहिलं संपायच्या आतच दुसरं येतं, आणि मिनिट-दोन मिनिटं दोन्ही एकत्र नांदतात. नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये, हा तिथला धर्म.

हा धर्म शिकागोतला. तिथल्या 'वेअरहाऊस' क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवत असे. हाऊस हे नावही त्या क्लबावरूनच पडलं असं सांगतात. येणारी मंडळी बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांत समलिंगी तरुण पुष्कळ. बाहेर त्यांना उभं कोण करत होतं? तिथं वाजायच्या डिस्कोच्या तबकड्या. त्यांवर ड्रम वाजवणारा हाडामांसाचा माणूस, त्यामुळं लय किंचित पुढं-मागं व्हायचीच. वेग एकदा जुळवला म्हणून काम संपत नसे, तबकडीवर बोट ठेवूनच राहावं लागे. शिवाय तबकडी जोरात फिरवली की सूरही चढतो. वेग सुमारे ६ टक्के वाढवला तर गाणं अर्धा स्वर वर जातं. म्हणजे लय जुळवायला गेलं की पट्टी हलते, पट्टी सांभाळायला गेलं की लय सुटते. दोन्हींचा निवाडा एकाच कानानं करायचा. आता यंत्र वेग बदलून सूर जागच्या जागी ठेवतं. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार भाच्यानं पाठवलेल्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणाबद्दल आहे. एकूण एक जोड नियमात बसलेला. वीस मिनिटांनी मला वाटलं, एकच गाणं चाललंय की काय! सगळे सोयरे एकाच गोत्रातले, मग नवीन माणूस घरात यायचं कसं? त्यात यंत्राचा कान चुकतोही. मेजर आणि तिचीच जोडीदार मायनर यांत ते हमखास गोंधळतं, आणि नुसत्या बेसवर उभ्या असलेल्या गाण्याला पट्टी अंदाजानंच चिकटवतं.

त्याहून मोठी गोष्ट समेची. हाऊसचं वाक्य बहुधा ३२ ठोक्यांचं असतं. १२४ च्या वेगात ते साडेपंधरा सेकंदांत पुरं होतं. यंत्र ठोक्यावर ठोका बसवतं. वाक्यावर वाक्य बसवणं माणसाच्या हातात. भाच्याच्या मिश्रणात दोनदा जुन्या गाण्याची बाई ओळ संपवायच्या आत नव्या गाण्याची बाई बोलायला लागते. पट्टी तंतोतंत जुळलेली, आणि ऐकायला मात्र नळावरचं भांडण. खरं तर नाचासाठी काढलेल्या तबकड्यांच्या सुरुवातीला आणि शेवटाला नुसते ठोके ठेवण्याची पद्धत आहे. ते दार मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. तिथून आत आलं तर पट्टीचा प्रश्नही फारसा उरत नाही.

चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास मात्र एक जागा आहे. ८ए वाजतंय. त्यानं बेस काढून घेतला, मग बाकीचे सूर, सोळा ठोके फक्त ताल ठेवला आणि एकदम ३ए आणलं. चक्रावर सात घरं लांब, कानाला अर्धा स्वर वर. मी हातातली भाजी खाली ठेवली. तेवढंच मागं नेऊन तीनदा ऐकलं.

त्याला निरोप पाठवला: तासात असली एकच जागा पुरत नाही रे, आणखी दोन-तीन कर की. आणि त्या दोन्ही बायकांना आळीपाळीनं बोलू दे.