वाइनमध्ये उघडलं म्हणजे चाललं?

सेवाग्राम परिसरातल्या गावांत आरोग्याचं सर्वेक्षण करायचं ठरवलंत की ‘एपि इन्फो’ हे नाव कानावर येतंच. अमेरिकेच्या सीडीसीचं, फुकट, पण विंडोजसाठी बनवलेलं. तुमच्या लॅपटॉपवर उबंटू असेल तर कुणीतरी लगेच सांगतं, ‘अरे, वाइन टाक ना!’

1993पासून घडत आलेलं वाइन प्रोग्रॅमने विंडोजकडे केलेली मागणी लिनक्सला कळेल अशी करून देतं. कमालच आहे. माझी तक्रार आहे ती त्याच्या शेऱ्यांबद्दल. प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंतचे हे शेरे दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावरचे असतात, तेही एका ठरावीक आवृत्तीचे. उत्तर बरोबर आलं का, हे त्यावरून कळत नाही.

प्रोग्रॅम उघडलाच नाही तर एक वेळ परवडलं. टर्मिनलमधून चालवा, ‘फिक्समी’च्या ओळी सोडून द्या, ‘एरर’ची वाचा, बरेचदा एखादी डीएलएल फाइल नसते आणि तिचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. खरी भीती मुकाट चालणाऱ्याची. तारखेची पद्धत वाइन लिनक्सच्या सेटिंगवरून घेतं. ते अमेरिकन असेल, तर 3 एप्रिलला जन्मलेलं बाळ (03/04) 4 मार्चचं ठरू शकतं. वय महिन्याने वाढलं, की वजन चांगलं असलेलं मूलही कुपोषितांत जातं. 13 तारखेपासूनच्या नोंदी अडतात म्हणून निदान संशय तरी येतो. 12पर्यंतच्या गुपचूप शिरतात.

तेव्हा दहा नोंदी आधी हाताने मोजून ताडून पाहा. आणि त्याहीआधी, एपिडेटा मॅनेजर लिनक्ससाठी थेट मिळतं, ते बघा की!