रिकामा भोपळा आणि जवारी

भोपळा पोकळ झाला म्हणून तंबोरा बोलतो, तसा अहंकार गेला की माणसातून ईश्वर बोलतो, हा दृष्टांत आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. आम्हाला तो अपुरा वाटतो. नुसती पोकळी बोलत नाही हो! मिरजेचा कारागीर पाहा. घोडीचा माथा तो किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जास्त घासलं, तर गेलेलं परत येत नाही. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि स्वर खुलतो. ही जवारी. तीही तारेनं झिजते, पुन्हा काढावी लागते. म्हणजे, एकदा रिकामं झालो की साधना संपली, असं नाही. त्यागाचं कौतुक पुष्कळ झालं. आपण ऐकतो किती, हेही विचारायला हवं.