संमतीची भाषा
मुरुडशेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी सुरू झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. चौथ्या गटास मात्र नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. संख्येने हा समावेश मोठाच, पण अर्थाने? आपल्याकडील बायका गर्भाशयास ‘पिशवी’ म्हणतात. ‘यादृच्छिक विभागणी’ त्यांस उमगणार नाही. ‘कोणत्या गावाला तपासणी मिळेल, हे जणू चिठ्ठी टाकून ठरेल’ हे उमगेल. ते न उमगता दिलेला होकार संमती नव्हे. २०१९ च्या नियमांनी समजेल अशा भाषेतील संमती बंधनकारक केली. ती भाषा संशोधकास शिकविणे हे मात्र आपल्यासारख्या भाषाविभागांचेच काम होय.