बत्तीस खणांचा रकाना

पुतणीच्या लग्नाची फिल्म नागपूरच्या ताईला पाठवायची होती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला लग्नाला येता आलं नाही, आणि लग्नानंतर दोनच महिन्यांत आई गेली. तेव्हापासून ताईचा एकच धोशा, "आई दिसते ना रे त्यात? पाठव."

फिल्म ५ जीबीची, पेनड्राइव्ह १६ जीबीचा, तोही कोरा. सोळातून पाच गेले तर अकरा उरतात, एवढं मला बी.कॉम.ला शिकवलं होतं. पण संगणक म्हणे, फाइल फार मोठी आहे! रिकाम्या एसटीत कंडक्टरनं 'जागा नाही' म्हणावं, तशातली गत.

भाच्यानं उलगडा केला. दोष जागेचा नव्हे, रकान्याचा. पेनड्राइव्हची वही 'फॅट३२' या १९९६ सालच्या पद्धतीची. तीत फाइलचा आकार लिहायला खण बत्तीस. प्रत्येकात शून्य नाहीतर एक. सगळे भरले की ४,२९,४९,६७,२९५ बाइट. पुढचा बाइट दाराबाहेर!

तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी डिस्कच एक-दोन जीबीची असे. तेव्हा रकाना आखणाऱ्याला मी दोष देत नाही. जुन्या युनिक्सवाल्यांनी तर बत्तिसातला एक खण उणे चिन्हाला दिला आणि मर्यादा २ जीबीवर आणली. म्हणे फाइलीत मागे सरकायला उणे आकडा लागतो. लागो बापडा! त्यांनी पुढे चौसष्ट खण तरी केले.

माझी तक्रार वेगळीच आहे. मोठ्या रकान्याची 'एक्सफॅट' पद्धत २००६ पासून आहे. पण ताईचा जुना टीव्ही जुनीच वही वाचतो. बरं, पेनड्राइव्हच्या पाकिटावर १६ ठळक छापलेले. ४ चा उल्लेख कुठे नाही. मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हातानं लिहीत. आकडा मावेना तर आम्ही रेघेबाहेर बारीक अक्षरात लिहीत असू. ऑडिटर ओरडे, पण 'तुमचे पैसे रकान्यापेक्षा मोठे आहेत, घरी न्या' असं खातेदाराला कुणी सांगितलं नाही.

शेवटी फिल्मचे दोन तुकडे केले. रात्री ताईचा फोन.

"अरे, आई हात वर करते आणि चित्रच संपतं! आशीर्वाद कुठाय?"

"दुसऱ्या फाइलीत, ताई," मी म्हटलं. "शिल्लक पुढच्या पानावर ओढलीय."